लूप गळतोय? नव्या वॉटर-कूलिंगवाल्यांनी काय करायचं

कॅबिनेटमध्ये पाणी दिसतंय म्हणून हा लेख उघडला असेल, तर पुढचं वाचण्याआधी पीसीची वीज तोडा. विंडोज नीट शटडाउन करत बसू नका, अर्धवट फाइलचं नंतर बघता येईल. ज्यांचा पीसी कोरडा आहे त्यांनी सावकाश वाचलं तरी चालेल. पहिलाच लूप, म्हणजे पीसी थंड ठेवायला त्यात पाणी फिरवणारी जोडणी, बांधणार असाल, तर पाणी भरायच्या आधी वाचून घेतलेलं बरं.

इथे विषय कस्टम लूपचा आहे. वेगळा पंप, रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी), रेडिएटर, ब्लॉक (सीपीयू किंवा ग्राफिक कार्डावर बसून त्याची उष्णता पाण्यात घेणारा भाग) आणि आपण स्वतः कापून बसवलेल्या नळ्या. कंपनीतून भरून सील होऊन येणारा एआयओ कूलर गळला, तर तो उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मदरबोर्ड पुढे सांगितल्याप्रमाणे साफ करा आणि वॉरंटीसाठी बिल शोधायला लागा.

वीज खरोखर गेली का?

पीसी यूपीएसवर असेल, तर भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून काहीच होत नाही. यूपीएस बॅटरीवर जातो आणि टीं-टीं करत मदरबोर्डला इमानेइतबारे वीज देत राहतो. त्यामुळे यूपीएसचं स्वतःचं बटण दाबून तो बंद करा, मग एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणारा डबा) मागचा स्विच बंद करा आणि वायर काढून घ्या. घराला इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही काही पॉइंट चालूच राहतात, हेही लक्षात असू द्या. बरेच जण यूपीएस नेमका टेबलाखाली, कॅबिनेटच्या पायथ्याशी ठेवतात. म्हणजे गळती झाली की पहिली धार त्याच्यावर. यूपीएस किंवा एक्स्टेन्शन बोर्ड ओला दिसला तर हात लावू नका, आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा.

शटडाउन केलेला पीसीही पूर्ण बंद नसतो. प्लग लागलेला असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. ओल्या बोर्डावर तेवढा पुरे होतो. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण बोर्डावरची धूळ आणि सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स त्यात विरघळला की वाहू लागते. मग शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये धातू खायला सुरुवात होते. बाटलीवर ‘नॉन-कंडक्टिव्ह’ लिहिलेलं कूलंटसुद्धा काही महिने तांब्या-पितळेतून फिरल्यावर तसं राहत नाही, त्या शब्दावर विसंबू नका. वीज नसलेला बोर्ड मात्र बराच वेळ ओला राहिला तरी बहुतेक वेळा वाचतो. म्हणून ही पहिली दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. नंतरच्या कामाला दोन दिवस लागले तरी बिघडत नाही.

पुसायच्या आधी फोटो

टिश्यू हातात घेण्याआधी मोबाइलच्या टॉर्चमध्ये सगळ्या बाजूंनी फोटो काढा. थेंब कुठे लटकलेत, ओघळ कुठून आलाय, कुठलं फिटिंग (नळी जोडायचा सांधा) खालून ओलं आहे, हे पुसल्यावर कळत नाही. रंगीत कूलंट असेल तर ओघळ छान दिसतो. पारदर्शक असेल तर टॉर्च तिरका धरा.

रिझर्व्हॉयरचं वरचं बूच आत्ता उघडू नका. लूप बंद असेल तर बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या जागी हवा सहज आत येत नाही, त्यामुळे गळती मंदावते. बूच उघडलंत की ठिबकणाऱ्याची धार झाली म्हणून समजा. लूपच्या तळाशी ड्रेन व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्याला नळी लावून खाली बादली ठेवा, व्हॉल्व्ह उघडा आणि मगच वरचं बूच सैल करा. ड्रेन व्हॉल्व्ह नसेल तर गळणाऱ्या जागेखाली टिश्यूची जाड घडी ठेवा. कॅबिनेट घाईने आडवं करू नका, तळाला साचलेलं पाणी अशाने कोरड्या भागात जातं.

लादीवर सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. बऱ्याच कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर हे काम बोर्ड वाचवण्याच्याही आधीचं.

पावसाळ्याला दोष देऊ नका

मुंबई-कोकणात हमखास निघणारी शंका: हवेतला दमटपणा नळीवर जमला असेल का? नाही. साध्या लूपमधलं पाणी खोलीच्या तापमानापेक्षा नेहमी थोडं गरमच असतं, खाली जाऊ शकत नाही, म्हणून नळीबाहेर दव धरत नाही. पाणी खोलीपेक्षाही थंड करणारा चिलर लावला असेल तर भाग वेगळा. एका फिटिंगखाली थेंब दिसला, तर ती गळती आहे.

याच्या उलटही घाबरणं होतं. लूप भरल्यावर पहिले काही दिवस रिझर्व्हॉयरची पातळी खाली जाते, कारण रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे बाहेर पडत असतात. पुढे महिन्यांच्या हिशेबात मऊ नळ्यांमधूनही थोडं पाणी झिरपून उडून जातं. तेवढ्यासाठी लूप खोलायचा नाही. पण दर आठवड्याला पाणी घालावं लागत असेल, तर ते कुठेतरी जातंय.

उगम शोधणं

थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असं नाही. पाणी नळीच्या खालच्या बाजूने सरकत जाऊन सगळ्यात खोलगट जागी लोंबतं. ग्राफिक कार्डाच्या ब्लॉकवर दिसणारं पाणी कित्येकदा वरच्या सीपीयू ब्लॉकच्या फिटिंगमधून आलेलं असतं. म्हणून सगळं कोरडं पुसा, टिश्यूचे छोटे तुकडे पिळून प्रत्येक फिटिंगच्या मुळाशी गुंडाळा आणि थांबा. पंप बंद असतानाही पाण्याच्या वजनाने बऱ्याच गळत्या तासाभरात उघड होतात. सगळ्यात वरचा ओला तुकडा हा तुमचा संशयित.

पंप चालवल्याशिवाय दिसतच नसेल, तर फक्त पंपाला वीज द्यायची, मदरबोर्डला अजिबात नाही. ते कसं, हे खाली चाचणीच्या भागात आहे. मदरबोर्ड वाळण्याआधी मात्र हेही नको.

बहुतेक वेळा ओ-रिंगच

लूपमधल्या जवळपास सगळ्या फिटिंगचे आटे जी १/४ मापाचे असतात. हे आटे पाणी अडवत नाहीत, फक्त फिटिंग जागेवर धरतात. पाणी अडवते ती फिटिंगच्या बुडाशी असलेली रबराची ओ-रिंग. घरच्या नळकामाची सवय इथे घात करते. टेफ्लॉन टेप गुंडाळला तर ओ-रिंग नीट बसत नाही आणि टेपचे धागे पंपात जातात. पान्याने जोर लावून आवळलं तर ओ-रिंग बाहेर फुगून चिरते, किंवा ऍक्रिलिकच्या ब्लॉकला आट्यापासून तडा जातो. तडा गेलेला भाग कुठल्याही गोंदाने भरवशाचा होत नाही, तो बदलावाच लागतो. बोटांनी घट्ट करा आणि ओ-रिंग दबून फिटिंगची कड ब्लॉकला टेकली की थांबा. फार तर पान्याने किंचित.

फिटिंग काढल्यावर ओ-रिंग उजेडात फिरवून बघा. चपटा झालेला भाग, बारीक काप, चिकटलेला केस किंवा प्लास्टिकचा कीस, यातलं काहीही दिसलं तरी नवी घाला. बसवताना बोटावर कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्याचा थेंब घेऊन ओलवली की ती गुंडाळी होत नाही. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नका. या रिंगा सहसा ईपीडीएम रबराच्या असतात आणि ते तेलात फुगतं.

कडक नळीच्या फिटिंगमध्ये आणखी एक-दोन ओ-रिंगा आतल्या बाजूला असतात, आणि तिथला गुन्हेगार सहसा आपणच कापलेली नळी. कड काटकोनात नसेल किंवा घासून गोल केली नसेल, तर नळी आत ढकलताना आतली ओ-रिंग चाकूने कापल्यासारखी चिरते. कड बाहेरून आणि आतून दोन्हीकडे घासा. टोकापासून दोन सेंटिमीटरपर्यंत नळीवर उभा ओरखडा आहे का, तेही नखाने तपासा. त्या बारीक चरीतून पाणी ओ-रिंगखालून आरामात बाहेर येतं आणि रिंग कितीही वेळा बदलली तरी थांबत नाही. शिवाय नळी फिटिंगच्या तळापर्यंत गेलेली हवी. दोन-तीन मिलिमीटर आखूड नळी ताणून बसवली, की ती थंड असताना ठीक राहते आणि गरम झाल्यावर सुटते.

मऊ नळीचं सोपं आहे. नळीचं माप आणि फिटिंगचं माप जुळतंय ना, हे बघा. १०/१३ आणि १०/१६ मिलिमीटर (आतलं/बाहेरचं माप) या दोन्हींचं आतलं माप एकच, त्यामुळे नळी फिटिंगच्या टोकावर चढते, पण बाहेरची कॉलर धड बसत नाही. जुनी नळी परत लावताना दबलेलं टोक सेंटिमीटरभर कापून टाका.

ओ-रिंग निर्दोष निघाली तर बाकीचे संशयित थोडेच उरतात. रेडिएटरमध्ये पंख्याचे स्क्रू लांब गेले असतील तर त्यांनी आतली पाण्याची पट्टी फोडलेली असते. पंखा २५ मिलिमीटर जाडीचा असतो, त्याला ३० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. जाळी किंवा कॅबिनेटचा पत्रा मध्ये नसताना ३५चा लावला की संपलं. ९० अंशांची फिरती फिटिंग बाजूने ताण आला की पाझरतात. ग्राफिक कार्ड वाकून लोंबत असेल तर त्याचं वजन कडक नळीवर येतं, त्याला खालून आधार द्या. ब्लॉक साफ करायला उघडला असेल तर आतलं गॅस्केट खाचेत नीट बसलंय का बघा. वापरात नसलेल्या भोकांची बुचं घट्ट करायला विसरणं हेही कारण नेहमीचं, आणि त्यातल्या त्यात स्वस्तातलं.

अल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचे ब्लॉक एकाच लूपमध्ये असतील तर दुरुस्तीचा खर्चच करू नका. दोन धातूंच्या या जोडीत अल्युमिनियम आतून खात जातं. आज एक भोक बुजवाल, पुढच्या महिन्यात दुसरं पडेल. रेडिएटर तांबे-पितळेचाच घ्या.

बोर्ड धुणं आणि वाळवणं

ग्राफिक कार्ड, रॅम, एम.२ एसएसडी, सगळं काढा. एम.२चा खाचा बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक कार्डाच्या बरोबर खाली असतो आणि तिथे हीट-सिंकच्या आडोशाला पाणी साचून राहतं. कार्डाची बॅकप्लेटही काढा, वरून कोरडी दिसली तरी. सीआर२०३२ बॅटरी काढायला विसरू नका, ती ३ व्होल्ट देतच असते.

कूलंट नुसतं सुकू देऊन भागत नाही. पाणी उडून जातं, ग्लायकॉल आणि रंग चिकटून राहतात. ओला भाग आधी डिस्टिल्ड पाण्याने, मऊ ब्रशने हलकेच धुवा. हो, बोर्ड पाण्याने धुवा असंच म्हणतोय, वीज आणि बॅटरी काढलेली आहे म्हणून. त्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा, ते फटींतलं पाणी सोबत घेऊन उडून जातं. मोबाइल दुरुस्तीवाले हेच ‘आयपीए’ वापरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात बाकीचं पाणीच असतं, ते नको.

इथे दोन सावधगिऱ्या. आयपीए पटकन पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडा आणि खोलीत उदबत्ती-निरांजन नको. दुसरं म्हणजे ते ऍक्रिलिकला लावू नका. ब्लॉक किंवा रिझर्व्हॉयरच्या ताण असलेल्या भागावर अल्कोहोल लागलं की बारीक जाळीसारखे तडे जातात आणि नवी गळती आपल्याच हाताने तयार होते.

पाणी सीपीयूच्या सॉकेटपर्यंत गेलं असेल तर प्रोसेसर काढा. सॉकेटमध्ये पिना असतील तर कापड, कापूस, टूथब्रश काहीही आत घालू नका. आयपीएचे थेंब सोडा, बोर्ड तिरका करून निथळू द्या. आणि पाणी एसएमपीएसमध्ये गेलं असेल तर तो उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपासचा चार्ज वायर काढल्यावरही राहू शकतो. माझं मत विचाराल तर ओला एसएमपीएस वाळवून परत वापरायचा नाही. तो बिघडला तर बाकी सगळ्याला सोबत घेऊन जाईल.

मग सगळं पंख्याखाली किमान २४ तास, पावसाळ्यात ४८. दमट हवेत नुसता पंखा फार उपयोगाचा नाही, दार लावून एसी चालवलेली खोली उत्तम. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी देईलच. त्याने बोर्डाच्या खाचांत पीठ जातं, पाणी तिथेच राहतं.

वाळल्यावर पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर आयपीए आणि मऊ ब्रशने ती जागा पुन्हा साफ करा. पिन जिथे जोडलेली असते ते बोर्डावरचं पॅडच खाल्लं गेलं असेल तर चिप-लेव्हल दुरुस्तीवाल्याकडे न्या. बहुतेक कंपन्या द्रवाने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

आधी हवेची चाचणी

दुरुस्त केलेला लूप थेट पाण्याने तपासणं म्हणजे बोर्डाला दुसऱ्यांदा पणाला लावणं. हवेचा दाब मोजणारे लीक टेस्टर मिळतात. ॲक्वा कॉम्प्युटरचा ‘डॉ. ड्रॉप’ किंवा ईकेचा टेस्टर हे त्यातले माहीत असलेले. एक छोटा हातपंप आणि दाबाची तबकडी, बस. पहिल्या लूपसाठी आरजीबी पंखे कमी घ्या, पण हा घ्या.

लूप रिकामा, पंपाची वायर काढलेली. टेस्टर एका मोकळ्या भोकाला लावून साधारण ०.५ बारपर्यंत हवा भरा. एवढाच का? कारण लूपमध्ये नेहमी वापरला जाणारा डी५ पंप पाणी जास्तीत जास्त ३.९ मीटर उंच ढकलू शकतो, म्हणजे ०.४ बारपेक्षाही थोडा कमी दाब. त्याहून थोडं जास्त तपासलं की पुरे. ब्लॉक आणि रिझर्व्हॉयरच्या माहितीपत्रकात यापेक्षा कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर कदापि नको.

पहिल्या काही मिनिटांत काटा किंचित खाली येतो, कारण मऊ नळ्या ताणल्या जातात आणि भरलेली हवा थंड होते. परत ०.५ वर आणा आणि अर्धा तास सोडून द्या. काटा तिथेच राहिला तर उत्तम. सरकत राहिला तर लूपचे दोन भाग करा, मधलं फिटिंग बुचाने बंद करा आणि एकेक अर्धा तपासा. गळका अर्धा सापडला की त्याचे पुन्हा दोन. रेडिएटरवर संशय असेल तर तो काढून, दुसरं भोक बंद करून, दाब भरून बादलीत बुडवा. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसे बुडबुडे भोकाची जागा दाखवतात.

मग पाणी, पण फक्त पंपाला वीज

एसएमपीएसचे सगळे कनेक्टर काढा, मदरबोर्डचा २४ पिनांचा आणि सीपीयू-ग्राफिकचेसुद्धा. फक्त पंपाची वायर लावा. एसएमपीएस मदरबोर्डशिवाय सुरू करायला २४ पिनांच्या कनेक्टरवर लावायचा तयार जम्पर प्लग मिळतो, तोच वापरा. वायरी रंगीत असतील तर हिरवी आणि कुठलीही काळी जोडली की तेच होतं. पण हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे अंदाजाने क्लिप खुपसू नका.

रिझर्व्हॉयर भरा, पंप काही सेकंद चालवा, पातळी खाली गेली की बंद करून परत भरा. पंप कोरडा फिरू देऊ नका. लूप भरला की प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवून निदान काही तास चालू ठेवा. २४ तास ठेवलात तर फारच छान. भरताना डिस्टिल्ड पाणी किंवा पीसीचं कूलंटच वापरा. घरचं आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, त्यात क्षार उरतात. गाडीचं कूलंटही नको.

टिश्यू कोरडे निघाले की बोर्डाच्या वायरी जोडा. पहिल्यांदा एकच रॅम लावून बायोसपर्यंत जा, तापमान बघा, मग बाकीचं जोडा.

पहिला आठवडा कॅबिनेटची बाजूची काच काढूनच ठेवा आणि गेमिंगनंतर एकदा हात फिरवून बघा, कारण काही फिटिंग गरम-थंड होण्याच्या फेऱ्यांनंतरच पाझरतात. विदर्भात उन्हाळ्यात खोलीच ३८-४० अंशांवर असते, तिथे कूलंट सहज ५०च्या पुढे जातं. पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्या आणि बरेचसे पंप ६० अंशांपर्यंतच धरून चालायचं. त्यातच पंप बंद पडला तर नळी मऊ पडून फिटिंगमधून सटकते. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बसवा आणि ५५ला पीसी आपोआप बंद होईल असं सेट करा. घर बदललंत, टेम्पोतून पीसी नेलात, तर नव्या जागी प्लग लावण्याआधी हवेची चाचणी पुन्हा करा. कपाटात दोन-चार जास्तीची जी १/४ बुचं आणि ओ-रिंगांचं एक पाकीट असू द्या. रविवारी संध्याकाळी ती कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.